दुसऱ्या लॅबची स्लाइड बघून झालीय, आता तो एक्सपेरिमेंट मी करू की नको?

मिठागरवाली

नमस्कार. जरा मोठं लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हाला अर्धवटच कळेल म्हणून सगळं सांगते. मी गोव्यातच पीएचडी करतेय, मायक्रोबायॉलॉजी, चौथं वर्ष. पहिल्या वर्षी मार्चमध्ये रायबंदरच्या मिठागरातून सॅम्पल आणले होते, वर कॉजवेवरून बसेस जातायत आणि मी खाली घोटाभर खाऱ्या चिखलात उभी राहून बाटल्या भरतेय, त्यातून एक जिवाणू मिळाला जो फेजला दादच देत नाही. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी सांगते, फेज म्हणजे जिवाणूंवर जगणारा व्हायरस, प्लेटभर जिवाणू वाढवून वर फेज टाकला की जिथे जिवाणू मरतात तिथे गोल पारदर्शक ठिपके पडतात. आमच्या प्लेटवर ठिपकेच पडत नव्हते.

दोन वर्षं घालून त्यामागचे दोन जीन शोधले, ते ई. कोलायमध्ये घातले तर ई. कोलायवरचे ठिपकेसुद्धा गेले. सकाळी साडेसातला इन्क्युबेटर उघडला आणि प्लेट कोरी, मी लॅबमध्ये एकटीच होते आणि कुणाला तरी सांगायचं म्हणून वॉचमनकाकांना सांगितलं. आता एवढं कळलंय की फेज आत शिरला की ही जोडी पेशीतलं एनएडी, म्हणजे पेशीला जगायला लागणारा एक रेणू, संपवून टाकते, पेशी स्वतःच मरते, फेजची पैदास होत नाही आणि शेजारच्या पेशी वाचतात. राहिला एकच प्रश्न, फेज आलाय हे त्या प्रोटीनला कळतं कशावरून? मी धरून चालले होते की फेजच्या डीएनएवरून. आठ महिने त्याच्या मागे आहे, एक धड रिझल्ट नाही.

युरोपातली एक मोठी लॅब याच जातीच्या जीनवर काम करतेय हे गेल्या वर्षीपासून माहीत आहे. त्यांची माणसं वीस, आम्ही इथे चार. आमचं एन्झाइम मागवायचं म्हणजे कोटेशन, मग कमिटी, मग पार्सल मुंबईला अडकतं आणि बर्फ वितळून येतं. या वर्षी चवथीलासुद्धा मी घरी दीडच दिवस होते, आई काही बोलली नाही पण माटोळी बांधताना माझ्याकडे बघत होती.

आणि परवा माझ्या एमएस्सीच्या मैत्रिणीने, ती दुसऱ्या शहरात आहे, व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, खाली लिहिलं ‘हे तुझंच ना गो?’ त्या लॅबची स्लाइड. बंद दाराआडची ऑनलाइन मीटिंग होती, तिने स्क्रीनचा फोटो काढला, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. स्लाइडवर एकच ओळ महत्त्वाची होती, जे फेज या यंत्रणेतून निसटतात त्यांच्यात कॅप्सिडच्या जीनमध्ये बदल सापडतो. कॅप्सिड म्हणजे फेजचं बाहेरचं कवच. म्हणजे डीएनए नाही, कवच ओळखलं जातं. माझे आठ महिने एका ओळीत संपले.

आता मला उत्तर माहीत आहे. कवचाचं प्रोटीन आणि माझं प्रोटीन एकत्र घेऊन टेस्ट करायला मला तीन आठवडे पुरतील, प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलने तपासण्याआधी ऑनलाइन टाकलेला पेपर, त्यांच्या आधी टाकता येईल. गाईडला अजून सांगितलेलं नाही. दोन रात्री झोप नाही. हा एक्सपेरिमेंट मी केला तर तो माझा म्हणायचा का? आणि नाही केला तर चार वर्षांचं काय?

सडा_हेडलँड

कर. मी स्पष्ट लिहितोय कारण मला कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. माझी पीएचडी तिसऱ्या वर्षी अशीच गेली, समोरच्यांचा पेपर अकरा दिवस आधी आला आणि माझं काम ‘हे तर झालंय’ म्हणून दोन जर्नलनी परत पाठवलं, आज मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. काम बरं आहे, घर चालतं, पण ते पान मी अजून उघडून वाचू शकत नाही.

डीएनएची रचना कशी सापडली ते बघ. जेम्स वॉटसन तेव्हा २४ वर्षांचा होता, क्रिकची तर पीएचडीपण झाली नव्हती, आणि समोर लायनस पॉलिंग, ज्याने १९५१ मध्ये प्रोटीनची अल्फा हेलिक्स सोडवून सगळ्यांना मागे टाकलं होतं. वॉटसनला ३० जानेवारी १९५३ ला लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या विल्किन्सने तिथल्याच रोझालिंड फ्रँकलिनच्या कामातला तो फोटो ५१, डीएनएचा एक्स-रे फोटो, दाखवला, तिला न विचारता. महिन्याभरात, २८ फेब्रुवारीला मॉडेल जुळलं, २५ एप्रिलला नेचरमध्ये पेपर, १९६२ ला नोबेल. त्याने फोटो बघून डोळे मिटून घेतले असते तर? पॉलिंगने आज ना उद्या केलंच असतं. दुसरा आलेला कुणाच्या लक्षात राहत नाही बाय. तुझी मेहनत खरी आहे, ती वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मडगावची_टीचर

बाय, आधी जेव आणि झोप. मग हे वाच.

मी तीस वर्षं बायॉलॉजी शिकवली, आता रिटायर आहे, आणि ही डीएनएची गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. सुरुवातीला मीपण सडा_हेडलँड यांनी सांगितली तशीच सांगायचे, फोटो बघितला आणि जिंकले. नंतर जसजसं वाचत गेले तसं कळलं की ते तसं नव्हतं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकातच आहे असं मला वाटतं.

पहिलं म्हणजे ते एकदा सपशेल पडले होते. नोव्हेंबर १९५१ मध्ये वॉटसन लंडनला किंग्ज कॉलेजमध्ये फ्रँकलिनचं भाषण ऐकायला गेला, नोट्स काढल्या नाहीत, डीएनएमध्ये पाणी किती हे चुकीचं लक्षात ठेवलं, आणि केंब्रिजला येऊन दोघांनी घाईघाईत तीन धाग्यांचं मॉडेल केलं, फॉस्फेट (धाग्याच्या कण्यातले) आत आणि बेस (डीएनएची चार अक्षरं) बाहेर. फ्रँकलिन ते बघायला आली आणि तिथल्या तिथे तिने चूक दाखवली. फॉस्फेट बाहेरच असायला हवेत हे ती आधीपासून म्हणत होती. त्यांचा बॉस ब्रॅग, त्याने यांना डीएनए बंदच करायला लावलं. दुसऱ्याच्या डेटावरून, तो नीट न समजता, घाईने बांधलेलं होतं ना ते, म्हणून पडलं.

आणि घाईने फक्त पोरंच पडत नाहीत. पॉलिंग, एवढा मोठा केमिस्ट, त्याने १९५२ च्या अगदी शेवटी तीन धाग्यांचंच मॉडेल छापायला दिलं, फॉस्फेट आतच, आणि त्यांच्यावरचे हायड्रोजन तसेच ठेवलेले, म्हणजे त्याच्या हिशोबाने न्यूक्लिक ॲसिड हे ॲसिडच राहत नव्हतं. त्याचा मुलगा पीटर केंब्रिजलाच होता, त्याच्याकडे त्या पेपरची प्रत आली तेव्हा वॉटसनला ती चूक दिसली, आणि त्याला कळलं की आता आपल्या हातात थोडेच आठवडे आहेत. तोच कागद घेऊन तो लंडनला गेला आणि त्याच भेटीत विल्किन्सने फोटो काढून दाखवला. तो फोटो मे १९५२ चा, फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांचा. ती किंग्ज सोडून चालली होती म्हणून गॉसलिंगकडून तो विल्किन्सकडे आलेला, म्हणजे विल्किन्सने कपाट फोडलं नव्हतं. पण तिला कुणी सांगितलं नाही एवढं खरं.

आता तो फोटो काय सांगतो? हेलिक्स आहे, आणि अंदाजे किती अंतरावर वळण आहे. बस. दोन धागे उलट दिशेने जातात हे क्रिकला कळलं ते एका रिपोर्टवरून, किंग्जच्या लोकांनी डिसेंबर १९५२ मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिलसाठी लिहिलेला, तो केंब्रिजच्याच पेरुट्झला कमिटी मेंबर म्हणून मिळालेला होता आणि त्याने यांना वाचायला दिला. त्यात फ्रँकलिनने क्रिस्टलची सिमेट्री दिली होती, आणि क्रिक घोड्याच्या हिमोग्लोबिनवर काम करत होता, त्याची सिमेट्री तीच, म्हणून त्याच्या डोक्यात लगेच पेटलं. आणि बेसच्या जोड्या? त्या ना फोटोत ना रिपोर्टमध्ये. चारगाफने १९५० मध्येच दाखवलं होतं की ॲडेनिन आणि थायमिन सारखे असतात, ग्वानिन आणि सायटोसिन सारखे. तरी वॉटसन पुस्तकातले चुकीचे आकार घेऊन बसला होता, त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डोनह्यूने सांगितलं की अरे बेसचं हे रूप चुकीचं आहे, दुसरं, कीटो रूप घे. मग याने पुठ्ठ्याचे तुकडे कापले, टेबलावर सरकवत बसला आणि दोन्ही जोड्या एकाच मापाच्या निघाल्या.

हे एवढं का सांगतेय. वॉटसन-क्रिकनी केलेलं काम खोटं नव्हतं, जोड्या त्यांच्याच. आणि फ्रँकलिन काही फोटो हातात घेऊन न समजता बसलेली नव्हती, तिची वही बघितली तर फेब्रुवारीच्या शेवटी ती स्वतः दोन धाग्यांपर्यंत आली होती. पण पेपरमध्ये काय लिहिलं? की किंग्जच्या लोकांच्या न छापलेल्या रिझल्टची आणि कल्पनांची साधारण कल्पना असल्याने आम्हाला चालना मिळाली. एक वाक्य. ती गेली १९५८ मध्ये, ३७ वर्षांची. त्या एका वाक्याच्या मागे काय काय होतं हे तिला कुणी पूर्णपणे सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि वर्गात हा भाग आला की दर वर्षी माझा आवाज बदलायचा, पोरांना ते कळायचं.

बघणं तुझ्या हातात नव्हतं बाय, फोटो आला आणि तू उघडलास. न सांगणं मात्र तुझ्या हातात आहे. तू दोन रात्री जागी आहेस ती बहुतेक त्यानेच, एक्सपेरिमेंटने नाही. उद्या सकाळी गाईडकडे जा.

काणकोणचो

टीचर म्हणतात ते पटलं. एक टेक्निकल विचारतो, तुझ्याकडे स्वतःचे एस्केपर आहेत का? म्हणजे तुझ्या प्लेटवर जे एखाद-दुसरे ठिपके कधीतरी पडले असतील ते काढून ठेवलेस का? कारण ते असतील तर तुला त्यांच्या स्लाइडची गरजच नाही, त्यांचा जीनोम सिक्वेन्स कर, कुठे बदल आहे ते तुझा फेजच तुला सांगेल. या फील्डमध्ये ट्रिगर शोधायची ही सगळ्यात साधी पद्धत आहे, कुणीही रिव्ह्यूअर हेच विचारेल.

मिठागरवाली

आहेत!! म्हणजे असायला हवेत. दुसऱ्या वर्षी ई. कोलायच्या प्लेटवर ठिपके पडले होते तेव्हा मी टूथपिकने उचलून ठेवले होते, पाच ट्यूब, चार डिग्रीला. मला तेव्हा वाटलं होतं की प्लाझमिड, म्हणजे ज्या डीएनएच्या रिंगवर ते जीन घातले होते ती, निघून गेलं असेल म्हणून ठिपके पडले, म्हणून पुढे बघितलंच नाही. सकाळी फ्रिज बघते.

सडा_हेडलँड

टीचर, तुम्ही सांगितलंत त्यातला रिपोर्टचा भाग मला माहीत नव्हता. तरी माझं म्हणणं मी पूर्ण सोडत नाही. लहान लॅबला सरळ चालून न्याय मिळतो असं नाही. क्रिस्परचं, जीन कापायच्या तंत्राचं घ्या, लिथुआनियाचा शिक्श्निस, विल्नियसमधला, त्याच्या ग्रुपने कॅस९ या प्रोटीनने डीएनए हवा तिथे कापता येतो हे दाखवून एप्रिल २०१२ मध्ये मोठ्या जर्नलला पाठवलं, त्यांनी रिव्ह्यूलाही न पाठवता परत केलं. दुसऱ्या जर्नलमध्ये येईपर्यंत सप्टेंबर उजाडला. दाउदना आणि शार्पोंतिए यांचा पेपर जूनमध्ये पाठवला आणि जूनमध्येच आला. २०२० चं नोबेल त्या दोघींना. त्यांनी काही चोरलं नाही, त्यांचं काम स्वतःचं आणि मोठं. पण या माणसाने काय चूक केली होती? कुठलीच नाही. म्हणून मला मुलीची काळजी वाटते.

म्हापशाचा_गणिती

मी गणिताचा माणूस, बायॉलॉजीत फारसं कळत नाही, पण लहान जागेतून काम करण्यावर बोलायचंय. सडा_हेडलँड म्हणतात तसं होतं, आपल्याच माणसाबरोबर झालंय. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म इथल्या कोसबेंचा, १९०७. आपल्याकडे लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, पणजीला त्यांच्या नावाने व्याख्यानं होतात, पण १९४३ मध्ये त्यांनी गणितात एक गोष्ट मांडली जी आज जगभर कारहुनेन आणि लोएव या दोघांच्या नावाने शिकवतात, त्या दोघांचं काम काही वर्षांनी आलं. कोसंबींचं भारतीय जर्नलमध्ये छापलं होतं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मला हे एमएस्सीला शिकवलं तेव्हा त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, गोव्यात शिकत असूनसुद्धा! आणि गंमत बघा, तुमच्याच जेनेटिक्समध्ये त्यांचं नाव टिकून आहे, क्रोमोझोमवर दोन जीनमधलं अंतर काढायचं कोसंबी फंक्शन, पिकांचे मॅप करणारे ते आजही वापरतात.

दुसरा माणूस जी. एन. रामचंद्रन, मद्रास. १९५४ मध्ये गोपीनाथ कार्थांबरोबर कोलॅजेनची, म्हणजे कातडी-हाडांतल्या प्रोटीनची, तीन धाग्यांची रचना नेचरमध्ये दिली, वय ३१. पुढच्या वर्षी मॉडेल सुधारलं, आणि त्याच वर्षी तिकडून रिच आणि क्रिक, हाच तो डीएनएवाला क्रिक, यांचं जवळपास तसंच मॉडेल आलं आणि आक्षेप आला की मद्रासच्या मॉडेलमध्ये अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. रामचंद्रन तिथे भांडत बसले नाहीत असं नाही, भांडलेसुद्धा, पण त्यांनी आधी हे शोधायला घेतलं की अणू किती जवळ आलेले चालतात. जगभरच्या क्रिस्टलमधली अंतरं गोळा केली. त्यातून १९६३ मध्ये रामचंद्रन प्लॉट आला, आणि आज कुणीही कुठल्याही प्रोटीनची रचना सोडवली की ती बरोबर आहे का हे त्या प्लॉटवर तपासतात. माझ्या मुलीच्या बायोटेकच्या पुस्तकात आहे तो, मी तिला ही गोष्ट सांगितली तर तिने पानावर पेन्सिलने ‘मद्रास’ लिहून ठेवलं.

मडगावची_टीचर

गणिती दादा, कोसंबींचं फंक्शन मी शिकवलंय आणि ते कोसबेंचे हे मलाही उशिरा कळलं, म्हणून तुमचा राग कळतो.

सडा_हेडलँड, तुमच्या अकरा दिवसांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. एक गोष्ट मात्र आता बदललीय. प्लॉस बायॉलॉजीने २०१८ पासून ठरवलंय की दुसऱ्यांचा पेपर आधी आला तरी सहा महिन्यांच्या आत पाठवलेलं काम ‘हे झालंय’ या कारणाने परत करायचं नाही, ते पहिल्याला दुजोरा म्हणून धरायचं. दोन ठिकाणी वेगवेगळं करून तेच निघालं तर सायन्सला ते हवंच असतं की. तुमच्या वेळी हे असतं तर बरं झालं असतं.

काणकोणचो

आणि वहीत तारीख घाल, ती स्लाइड कधी आली, कुणाकडून आली (नाव नको, ‘मैत्रीण’ पुरे), त्याच्या आधी काय काय झालं होतं, सगळं पेनाने. गाईडची सही घे. फोटो पुढे कुणाला पाठवू नको, लॅबच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तुझ्या मैत्रिणीला त्रास होईल.

मिठागरवाली

सगळ्यांना एकेक सांगायला हवं पण एकत्रच लिहिते, आज जरा हात थरथरायचे थांबलेत.

फ्रिजमध्ये पाचातल्या तीन ट्यूब चांगल्या होत्या, दोन सुकल्या. झाकणावर माझ्याच अक्षरात तारीख आहे, स्लाइडच्या एक वर्ष दहा महिने आधीची. दुसऱ्या वर्षीच्या वहीत पानसुद्धा सापडलं, ‘५ मोठे ठिपके, बहुतेक प्लाझमिड लॉस, नंतर बघणे.’ ते ‘नंतर बघणे’ वाचून मी तिथेच स्टूलवर बसले.

टीचर, तुम्ही म्हणालात तसं सकाळीच गाईडकडे गेले. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी फोटो बघितला नाही, मोबाइल उलटा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, मला नको दाखवू, नाहीतर आपण दोघंही त्याच जागी येऊ. मग वही मागवून घेतली, ते जुनं पान आणि स्लाइडबद्दल मी लिहिलेलं पान, दोन्हींवर आजची तारीख घालून सही केली आणि तीन ट्यूबचं सिक्वेन्सिंग लगेच पाठवायला सांगितलं. कमिटीचं ते बघतो म्हणाले. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत, खिडकीतून जुवारीकडे बघत होते, आणि म्हणाले त्या लॅबच्या हेडला आपण लिहायचं. काय लिहायचं विचारलं तर म्हणाले जे झालं ते. की तुमची एक स्लाइड आमच्या विद्यार्थिनीपर्यंत पोचली, आमच्याकडे आमचे एस्केपर आहेत ज्यांचा रिझल्ट येतोय, आणि तुमची तयारी असेल तर दोन्ही पेपर बरोबर पाठवूया. मला तर घामच फुटला, म्हटलं त्यांनी घाई करून उद्याच टाकलं तर? ते म्हणाले टाकू देत, त्यांचाही तो हक्क आहे.

सडा_हेडलँड दादा, तुमची पोस्ट मी सगळ्यात जास्त वेळा वाचली. तुम्ही माझ्या बाजूने बोललात हे मला माहीत आहे.

सडा_हेडलँड

गाईड चांगला मिळालाय तुला. रिझल्ट आला की इथे लिही, मी बघत राहीन.

मिठागरवाली

तीन आठवड्यांनी लिहितेय. सिक्वेन्स आला. पहिल्या दोन ट्यूबमध्ये कॅप्सिडच्या जीनमध्येच बदल आहे, एकात एकच अक्षर बदललंय, दुसऱ्यात थोडं पुढे. म्हणजे माझ्या फेजने पण तेच सांगितलं, मी विचारलंच नव्हतं. तिसऱ्यात कॅप्सिड जसंच्या तसं आहे. बदल भलत्याच जीनमध्ये आहे, ज्याचं काम काय हे डेटाबेसमध्ये लिहिलेलंच नाही. गाईडने ती फाइल तीनदा उघडून बघितली. स्लाइडवर हे नव्हतं.

मेल काल रात्री गेला, आधी पाठवायचा नाही असं ठरवलं होतं, रिझल्ट हातात आल्यावरच. मैत्रिणीला मी आधी फोन करून सांगितलं, ती रडली, मग म्हणाली लिहा. अजून उत्तर नाही. तिसरी ट्यूब परत सिक्वेन्सला टाकलीय आणि त्या जीनसाठी आज प्रायमर (तो जीन वेगळा काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवले, यायला दहा दिवस म्हणतायत. उद्या घरी जाऊन येते.